सभासदांना मेल पाठवला, पण निम्म्यांनाच मिळाला

ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येते, पण ऑगस्ट-सप्टेंबरात जास्त. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, नोटीस सगळ्यांना एकदमच जायची असते आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट मान टाकते. पतसंस्था असो, माजी विद्यार्थी संघ असो की ग्रंथालय. सभासद पाच हजार असोत की तीस हजार, बिघाड तेच ते असतात.

लक्षणं अशी दिसतात:

- ‘पाठवा’ दाबल्यावर पान बराच वेळ फिरत राहतं आणि मग कोरं होतं. कुणीतरी पुन्हा दाबतं. सभासद क्रमांक १ ते ६०० यांना मेल दोनदा जातो, त्यापुढच्यांना एकदाही नाही.
- रेडिफमेलवाल्यांना मिळतो, जीमेलवाल्यांना नाही.
- मिळतो, पण स्पॅममध्ये.
- मिळतो, पण सभा होऊन गेल्यावर.
- विषयाच्या ओळीत मराठीऐवजी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं आणि चलनाची चिन्हं.
- दर दुसरा गठ्ठा गायब. पहिले शंभर गेले, पुढचे शंभर नाहीत, त्यापुढचे शंभर गेले.
- होस्टिंग कंपनीचं पत्र: तुमच्या खात्यावरून मेल पाठवणं बंद केलं आहे.

यातलं काहीही झालं की कार्यकारिणीत पहिला ठराव होतो तो मोठा सर्व्हर घेण्याचा. तो तहकूब ठेवा. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सर्व्हर कमी पडल्याचं क्वचितच निघालं. मेल कुठे थांबतो हे कळल्याशिवाय त्यावर एक रुपयाही घालू नका.

फुकटातलं काम: कोणाला मिळाला, कोणाला नाही

न मिळालेल्या आठ-दहा जणांचे पत्ते आणि मिळालेल्या आठ-दहा जणांचे पत्ते समोरासमोर लिहा. त्यांत तीन गोष्टी शोधा. न मिळालेले सगळे यादीच्या शेपटाकडचे असतील तर पाठवणारा प्रोग्रॅम मध्येच मेला. सगळे एकाच मेलसेवेचे असतील तर त्या सेवेने तुमचा मेल अडवला, म्हणजे प्रश्न ओळखीचा किंवा पत्त्यांचा आहे. काहीच क्रम लागत नसेल तर मेल रांगेत अडकले आहेत किंवा यादीतच घाण आहे. या एका कागदावर पुढची निम्मी तपासणी वाचते.

मग होस्टिंगच्या पॅनेलमधला मेलचा लॉग, म्हणजे कोणता मेल कधी गेला याची नोंदवही, उघडा. समोरच्या सर्व्हरचं उत्तर तिथे तीन आकड्यांत असतं. २५० म्हणजे त्याने मेल घेतला. ४ने सुरू होणारं उत्तर म्हणजे ‘आत्ता नको, नंतर ये’. ५ने सुरू होणारं म्हणजे ‘पुन्हा येऊ नकोस’. ५५० आणि पुढे ५.१.१ दिसलं तर तो पत्ताच अस्तित्वात नाही. ५५० आणि ५.७.२६ दिसलं तर जीमेलला तुमची ओळख पटलेली नाही. ४२१ आणि ४.७.२८ म्हणजे तुम्ही जीमेलवर फार वेगाने मेल ओतताय. हे तीन ओळखता आले तरी खूप झालं.

लॉगमध्ये २५० आहे आणि तरी सभासद ‘नाही मिळाला’ म्हणतो, तर त्याला स्पॅम आणि प्रमोशन्सचा कप्पा बघायला सांगा. तुमच्या बाजूने मेल पोचता झालेला आहे.

होस्टिंगची ताशी मर्यादा

याला एक फोन लागतो. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) दर तासाला किती मेल जाऊ शकतात याला मर्यादा असते आणि ती बहुधा काही शेकड्यांतच असते. समजा ताशी ३०० आहे आणि सभासद १२,००० आहेत. सरळ भागाकार केला तर ४० तास. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू केलेली नोटीस रविवारी सकाळी दहाला संपेल. यात बिघाड काहीच नाही, हे गणित कुणी केलेलं नसतं एवढंच.

फोनवर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: मर्यादा ओलांडल्यावर उरलेले मेल थांबवून ठेवता की फेकून देता? फेकून देत असतील तर तुमच्या वेबसाइटला वाटतं मेल गेले, आणि ते गेलेले नसतात.

काही संस्था थेट जीमेलच्या खात्यातून पाठवतात. साध्या खात्याला दिवसाला ५००, पैसे भरलेल्या वर्कस्पेसला २,००० ही हद्द आहे. एका मेलमध्ये गुप्त प्रत म्हणून शंभर पत्ते घातले तर ते शंभर मोजले जातात, एक नाही. त्यामुळे ती युक्ती चालत नाही. शिवाय घाईत कुणीतरी गुप्त प्रतीऐवजी उघड रकान्यात पत्ते टाकतं आणि सगळ्या सभासदांचे पत्ते सगळ्या सभासदांच्या हातात जातात. ती तक्रार निस्तरणं मेल पोचवण्यापेक्षा अवघड असतं.

ओळखपत्रं: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क

फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलच्या लेखी दिवसाला ५,०००च्या आसपास मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणारा ‘मोठा’. त्याला एसपीएफ (तुमच्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या, नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोहोंपैकी एक तरी तुमच्या डोमेनशी जुळतं का आणि न जुळल्यास मेलचं काय करायचं याचं धोरण) तिन्ही लागतात. मे २०२५पासून आउटलुकनेही तोच रस्ता धरला. ‘गेली दहा वर्षं असंच चालत होतं’ हे वाक्य मला दर वेळी ऐकायला मिळतं. खरंच चालत होतं. नियम बदलले.

तपासायला पैसे लागत नाहीत. वेबसाइटवरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांतून मूळ मेल दाखवणारा पर्याय घ्या. वरच्या चौकटीत तिन्हींपुढे ‘पास’ आहे का बघा. नसेल तर बहुधा पुढीलपैकी एक कारण असतं.

‘प्रेषक’ म्हणून सचिवांचा जीमेल पत्ता घातलेला असतो. तुमच्या सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने निघालेला मेल जीमेलला तोतया वाटणारच. संस्थेच्या डोमेनवरचा पत्ता घ्या आणि उत्तरं सचिवांकडे हवी असतील तर ‘उत्तर इकडे’ या रकान्यात त्यांचा पत्ता घाला.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती जगाला सांगणाऱ्या नोंदवहीत, एसपीएफच्या दोन नोंदी असतात. जुनी होस्टिंगची, नवी मेल पाठवून देणाऱ्या सेवेची. एका डोमेनला एकच नोंद चालते. दोन असल्या की दोन्ही बाद. त्या एकत्र करा. एकत्र करताना आणखी एक पाचर आहे: नोंद वाचताना जास्तीत जास्त १० वेळाच दुसरीकडे विचारणा करता येते. दरवर्षी नवी सेवा जोडत गेलेल्या संस्थांची नोंद अकराव्या विचारणेला फुटते.

डीकेआयएमची किल्ली अर्धवट चिकटवलेली असते. डीएनएसच्या मजकूर-नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, २०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असते, त्यामुळे ती तुकड्यांत टाकावी लागते. काही पॅनेलं हे आपोआप करतात, काही मुकाट्याने शेपूट कापतात.

एसपीएफ पास, डीकेआयएम पास, तरी डीमार्क नापास असं दिसलं तर गोंधळू नका. दोन्ही ओळखी मेल पाठवून देणाऱ्या सेवेच्या डोमेनच्या नावावर पटल्यात, तुमच्या नावावर नाहीत. सेवेच्या पॅनेलमध्ये ‘डोमेन पडताळणी’ अर्धी राहिलेली असते, ती पूर्ण करा.

इथे एक लाल रेघ. संस्थेचे रोजचे मेल ज्या नोंदीवर येतात ती एमएक्स नोंद या सगळ्यात कुठेही लागत नाही. तिला हात लावायची वेळ आली असं वाटलं तर थांबा. काहीतरी चुकीचं वाचलंय.

सभासद यादीची झाडलोट

या कामाचा कंटाळा सगळ्यांना येतो आणि फायदा सगळ्यात जास्त याचाच होतो. मेलसेवा पाठवणाऱ्याची पत त्याच्या यादीवरून ठरवतात. मेलेल्या पत्त्यांवर वारंवार मेल जात असेल तर त्यांना वाटतं ही यादी कुठून तरी उचललेली आहे, आणि मग जिवंत पत्त्यांवरचे मेलही स्पॅममध्ये पडायला लागतात.

५.१.१ आलेला पत्ता त्याच दिवशी यादीतून बाजूला काढा. पुसून टाकू नका, ‘बंद’ अशी खूण करा, म्हणजे कार्यालयातून फोन करून नवा पत्ता घेता येतो. गूगलने डिसेंबर २०२३पासून दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायला सुरुवात केली. जुन्या संस्थांच्या यादीतले बरेच जीमेल पत्ते त्यानंतर गेले, म्हणून ‘पूर्वी एवढे परत येत नव्हते’ हे निरीक्षणही बरोबर असतं. मेलबॉक्स भरलेला असेल तर घाई नको. सलग तीन-चार वेळा तेच उत्तर आलं तर मग बंद करा.

लिहिण्यातल्या चुका वेगळ्या शोधा. छापील फॉर्मवरून डेटा एंट्री झाली असेल तर ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’, ‘जीमेल’मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल, शेवटी चिकटलेली मोकळी जागा हे हमखास सापडतं. डोमेननुसार यादी लावून मोजा: ज्या डोमेनवर एकच सभासद आहे त्या ओळी डोळ्यांनी वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि आपल्याकडचा खास प्रकार: आजोबा, आजी, वडील तिघे सभासद आणि तिघांपुढे पत्ता नातवाचा. नातवाला एका मिनिटात तीन सारखे मेल जातात, तो वैतागून ‘स्पॅम’ दाबतो. गूगलची अपेक्षा अशी की स्पॅम म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली असावं आणि ०.३ला कधी पोचू नये. १०,००० मेलमागे ०.३ टक्के म्हणजे फक्त ३० माणसं. तेव्हा पत्ता एक तर मेल एक, आणि आत तिघांची नावं.

याच कारणासाठी मेलमधून बाहेर पडायचा रस्ता सोपा ठेवा. जाहिरातवजा मेलसाठी एका टिचकीत नाव काढण्याची सोय गूगलने सक्तीची केलीय आणि विनंती दोन दिवसांत पाळायची असते. सभेची नोटीस आणि दिवाळी अंकाची सवलत एकाच पत्त्यावरून पाठवू नका. सवलतीला कंटाळलेला सभासद नोटिशीलाही मुकतो आणि सभेत उभा राहून ‘मला नोटीसच मिळाली नाही’ म्हणतो.

मेलचं वजन

अहवालाची २ एमबीची पीडीएफ जोडून १२,००० जणांना पाठवली तर २४ जीबी होतात. जोडणी पाठवताना तिचं रूपांतर होऊन आकार आणखी एकतृतीयांशाने फुगतो, म्हणजे ३२ जीबी. अहवाल वेबसाइटवर ठेवा, मेलमध्ये दुवा द्या. दुवा स्वतःच्या डोमेनचाच असू द्या. लिंक आखूड करणाऱ्या फुकट सेवा स्पॅमवाल्यांच्याही आवडत्या आहेत.

मजकुरात वर्डमधून थेट चिकटवलेला अहवाल घालू नका. वर्ड स्वतःचा खूप कचरा बरोबर आणतो आणि १०२ केबीच्या पुढचा मेल जीमेल कापून दाखवतं. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन-तीन बाइट घेते, म्हणून मराठी मेल ही हद्द इंग्रजीपेक्षा लवकर गाठतो. विषयातली परदेशी अक्षरं मात्र निव्वळ सेटिंगचा प्रश्न: पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करा. पीएचपीमेलर या मेल पाठवणाऱ्या तयार कोडची मुळातली सेटिंग वेगळी असते, ती कुणी बदललेली नसते.

पाठवणारा प्रोग्रॅम

आता पॅनेल सोडून कोडमध्ये उतरायचं. इथून पुढे कोड वाचता येत नसेल तर हा भाग डेव्हलपरला दाखवा.

बहुतेक जुन्या साइटवर ‘पाठवा’ बटणामागे एक साधा लूप असतो: सभासद घे, मेल पाठव, पुढचा घे. हे सगळं ब्राउझर वाट बघत असताना चालतं. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेची मुळातली मर्यादा ३० सेकंदांची आहे, ती वाढवली तरी पुढचा वेब सर्व्हर साधारण मिनिटाभरात नाद सोडतो. लूप सहाशेव्या सभासदापाशी तुटतो आणि आपण कुठवर आलो होतो याची नोंद कुठेच नसते. म्हणून पुन्हा दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. मर्यादा वाढवत नेणं हा उपाय नाही. बटणाने फक्त रांग लावावी आणि मेल पाठवायचं काम पाठीमागे चालावं.

रांग म्हणजे डेटाबेसमधला एक तक्ता. प्रत्येक ओळीत मेल क्रमांक, सभासद क्रमांक, पत्ता, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, पुढचा प्रयत्न कधी आणि समोरच्या सर्व्हरचं शेवटचं उत्तर. मेल क्रमांक आणि सभासद क्रमांक या जोडीवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा) घाला. मग अध्यक्षांनी बटण चार वेळा दाबलं तरी एका सभासदाची ओळ एकच राहते. एवढ्या एका इंडेक्सने दुबार मेलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी संपतात.

मग क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, दर पाच मिनिटांनी २०-२५ ओळी उचलतो. ताशी ३००च्या आत राहायचं तर हा हिशेब बसतो. आधीचा फेरा चालू असताना दुसरा सुरू होऊ नये म्हणून कुलूप लावा. उचलताना स्थिती ‘घेतला’, समोरून २५० आल्यावर ‘गेला’. वीज किंवा सर्व्हर मध्येच गेला तर काही ओळी ‘घेतला’वर अडकून राहतात, त्या आपोआप पुन्हा पाठवू नका, लॉगशी ताडून ठरवा. ४चं उत्तर आलं तर पुढचा प्रयत्न पंधरा मिनिटांनी, मग तासाने, मग चार तासांनी. ५चं आलं तर तिथेच थांबायचं.

दर दुसरा गठ्ठा गायब होण्याचं कारण इथेच सापडतं, आणि ते बघण्यासारखं आहे. प्रोग्रॅम ‘बाकी’ असलेल्या ओळी विचारतो, पहिल्या शंभर पाठवतो, त्यांची स्थिती ‘गेला’ करतो. पुढच्या वेळी म्हणतो, ‘बाकी असलेल्यांतल्या पहिल्या शंभर सोडून पुढच्या दे’. पण आधीच्या शंभर तर ‘बाकी’तून केव्हाच गेल्या! त्यामुळे सोडल्या जातात त्या न पाठवलेल्या शंभर. कोडमध्ये ऑफसेट (‘इतक्या सोडून’) दिसला की काढून टाका. दर वेळी ‘बाकी’तल्या पहिल्या शंभरच घ्यायच्या.

वेगासाठी एकच गोष्ट करण्यासारखी आहे. प्रत्येक मेलला सर्व्हरशी नवं कनेक्शन, नवं एन्क्रिप्शन, नवं लॉगिन करण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या अंशात खुद्द मेल जातो. पीएचपीमेलरमध्ये कनेक्शन उघडं ठेवायची सोय आहे, ती वापरा. फक्त प्रत्येक मेलनंतर आधीचा पत्ता पुसा, नाहीतर दुसरा मेल पहिल्यालाही जातो, तिसरा पहिल्या दोघांना, आणि शंभरावा शंभर जणांना.

वर्डप्रेसवाल्यांसाठी: त्याचा स्वतःचा क्रॉन कुणी साइटवर आलं तरच हलतो. रात्री अकरानंतर साइटवर कुणी येत नाही, रांग सकाळपर्यंत थिजते. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन लावा.

स्वतःचा सर्व्हर की मेलसेवा

इथवर सगळं नीट असूनही वेळेत संपत नसेल तरच खर्चाचा विषय काढायचा. माझं मत स्पष्ट आहे: लाखभर सभासद होईपर्यंत स्वतःचा मेल सर्व्हर चालवू नका. डिजिटलओशन, गूगल क्लाउड यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर मेल बाहेर पाठवायचं २५ क्रमांकाचं पोर्ट मुळात बंदच असतं, ॲमेझॉनच्या सर्व्हरवर आवळलेलं असतं. उलटी डीएनएस नोंद, म्हणजे सर्व्हरच्या आयपी क्रमांकावरून त्याचं नाव सांगणारी, लागते. नव्या आयपीची पत शून्यापासून, म्हणजे काही आठवडे थोडे थोडे मेल वाढवत न्यायचे. सेवा घेतली तर हे सगळं त्यांच्या डोक्याला. उदाहरणार्थ ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवून देणाऱ्या सेवेचा मूळ दर १,००० मेलमागे १० सेंट, म्हणजे १२,००० सभासदांची नोटीस सव्वा डॉलरच्या आत. मुंबई रीजनमध्येही ती मिळते. मात्र नव्या खात्याला परवानगी मिळेपर्यंत दिवसाला २००च मेल आणि तेही पडताळलेल्याच पत्त्यांवर, त्यामुळे सभेच्या आदल्या आठवड्यात खातं उघडून उपयोग नाही. परत येणारे मेल ५ टक्क्यांवर गेले की तेही चौकशी लावतात. यादी झाडल्याशिवाय इथे आलात तर आठवड्यात बाहेर.

हात थांबवायचा कधी

लॉगमध्ये तुम्ही न पाठवलेले मेल दिसले, अनोळखी विषय, रात्री तीनची वेळ, तर साइटमध्ये कुणीतरी घुसलेलं आहे. त्या क्षणी पाठवणं बंद करा, पासवर्ड बदला, काही पुसू नका आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. मेल दुरुस्तीचा विषय त्यानंतर.

तुमचा आयपी स्पॅमहाउस या स्पॅमवाल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत असेल आणि काढून घेतल्यावर पुन्हा तिथेच गेला, तर मूळ कारण सापडलेलं नाही. मेल सर्व्हरचं काम येणाऱ्यालाच ते सापडेल. शेअर्ड होस्टिंगवर शेजाऱ्याच्या उद्योगामुळेही असं होतं, तेव्हा होस्टिंगवाल्यांना आयपी बदलून मागा.

डीमार्कचं धोरण ‘काही करू नका’वरून ‘नाकारा’वर न्यायचं असेल आणि त्याच डोमेनवरून कार्यालयाचे मेल, पावत्या, ओटीपी जात असतील, तर जाणत्या माणसाशिवाय नको. एक विसरलेली सेवा राहिली तर तिचे मेल त्याच दिवसापासून पोचायचे बंद.

बॅकअप नसलेल्या जुन्या साइटचा कोड उघडायचा असेल, तर पहिलं काम बॅकअप, तेही ज्याला परत चढवता येतं अशा माणसाकडून. आणि नोटिशीची कायदेशीर मुदत दोन दिवसांवर आली असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवा. उपविधीत जो मार्ग लिहिलाय त्या मार्गाने, टपालाने किंवा हाती, नोटीस काढा.

ज्याला बोलवाल त्याला ‘मेल जात नाहीत’ एवढंच सांगू नका. मिळालेला एक पत्ता, न मिळालेला एक पत्ता, पाठवल्याची तारीख-वेळ, लॉगमधल्या त्या दोन पत्त्यांच्या ओळी जशाच्या तशा आणि होस्टिंगची ताशी मर्यादा एवढं द्या. त्याच्यासाठी पॅनेलमध्ये वेगळं लॉगिन काढा आणि काम झालं की बंद करा. अध्यक्षांचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका.